ऑनलाइन वर्षांत राहून गेलेले शिक्षण : शोधावे कसे, भरून काढावे कसे

महाराष्ट्रातल्या शाळा कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० च्या मध्यात बंद झाल्या आणि त्यानंतर जवळजवळ दोन शैक्षणिक वर्षे प्राथमिक वर्ग नियमित भरलेच नाहीत. वरचे वर्ग मधूनमधून उघडले. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना मात्र १ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि पुढच्याच महिन्यात ते पुन्हा काही दिवसांसाठी बंद झाले. या काळात पहिली ते आठवीची मुले परीक्षा न होताच वरच्या वर्गात गेली. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, त्यामुळे त्या निर्णयाला आज दोष देण्यात अर्थ नाही. मात्र जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले मूल २०२५-२६ मध्ये सहावीत बसते, त्याच्यासमोर अपूर्णांक आणि सामान्य विज्ञानाचे पुस्तक असते, आणि जोडाक्षर आले की ते अजूनही पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज बांधते. असे मूल वर्गात सहसा त्रास देत नाही. ते फळ्यावरचे नीट उतरवून घेते, गाइडमधली उत्तरे पाठ करते आणि काठावर पास होते, म्हणून त्याची तूट कोणाच्या लक्षात येत नाही.

पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक आणि त्या वयाच्या मुलांचे पालक यांना डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत मांडली आहे. तिचा गाभा एवढाच आहे की चालू इयत्तेचा धडा पुन्हा एकदा समजावून ही तूट भरत नाही. मूल ज्या पायरीवर थांबले ती पायरी शोधावी लागते आणि शिकवणे तिथूनच सुरू करावे लागते, मग ती पायरी दुसरीची का असेना. २०२१ मध्ये १ जुलै ते १४ ऑगस्ट असा पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला, तेव्हा त्याचा आधार मागील इयत्तेचा अभ्यासक्रम होता. एका वर्षाने मागे पडलेल्या मुलाला तो पूल पुरला असेल. ज्याची दोन-तीन वर्षांची उजळणी व्हायला हवी होती त्याला तो पुरणे शक्यच नव्हते, आणि तोही बहुतांशी मोबाइलवरूनच पोहोचवावा लागला.

आता इतकी वर्षे झाल्यावर हा विषय कशाला, असे विचारणारे ‘असर’ या ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या आकड्यांकडे बोट दाखवतात. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. म्हणजे नुकसान भरून निघाले, असा निष्कर्ष यातून काढला जातो, पण तो घाईचा आहे. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले शाळा उघडल्यानंतर पहिलीत आलेली आहेत. ज्यांचे पहिली-दुसरीचे दिवस घरात गेले ती मुले तोवर पाचवी-सहावीत पोहोचली होती, आणि तिसरीच्या सरासरीत त्यांचा हिशेब येत नाही.

आधी वाचन तपासावे, तेही एकेकट्याचे

लेखी चाचणी घेऊन या तुटीचा पत्ता लागत नाही, कारण लेखी चाचणीत शेजाऱ्याचे पाहता येते, आणि उत्तर चुकले तर प्रश्न वाचता आला नाही की उत्तर माहीत नव्हते हे समजत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला पाच ते सात मिनिटे बाजूला घेऊन त्याच्याकडून प्रकटवाचन करून घ्यावे. तीस मुलांच्या वर्गाला रोज पाच मुले या हिशेबाने एक आठवडा लागतो, आणि वर्षातला हा आठवडा वाया गेला असे मानू नये.

साधन अगदी साधे आहे. ‘असर’च्या वाचनचाचणीत अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे चार टप्पे असतात, त्याच धर्तीवर बालभारतीच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांतून चार कागद तयार करता येतात. मजकूर मुलाच्या पाठ झालेल्या धड्यातला नसावा, एवढी काळजी घ्यावी. सुरुवात परिच्छेदापासून करावी. तो अडखळत का होईना पण वाक्यावाक्याने वाचला गेला तर गोष्ट द्यावी, आणि एकेक शब्द सुटा पडत असेल तर खाली शब्दांकडे व तिथून अक्षरांकडे यावे. पाचवीच्या पुढच्या मुलासाठी पाचवा कागदही लागतो : त्याच्याच चालू विज्ञानाच्या किंवा परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला आठ-दहा ओळींचा उतारा आणि त्यावर तोंडी विचारायचे तीन प्रश्न, ज्यांपैकी एकाचे उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेले नसावे. दुसरीची गोष्ट सहज वाचणारी पण या उताऱ्यावर गप्प होणारी मुले वर्गात बरीच निघतात, आणि त्यांची गरज वेगळी असते.

मूल वाचत असताना मध्ये दुरुस्ती करू नये. त्याऐवजी वहीत नेमकी चूक टिपावी, कारण ‘वाचन कच्चे’ असा शेरा लिहून पुढे काहीच करता येत नाही. घ आणि ध, भ आणि म, ड आणि ढ, थ आणि य यांत घोटाळा होतो का. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत फरक केला जातो का. अनुस्वार गाळला जातो का. रफार आधीच्या अक्षरावर उच्चारला जातो की पुढच्या. ‘प्र’, ‘ट्र’, ‘त्र’, ‘श्र’ यांतला र ओळखता येतो का. आणि शब्द ओळखताना मूल खरोखर अक्षरे वाचते आहे की पहिले अक्षर पाहून ओळखीचा शब्द ठोकून देते आहे, हे सगळे त्या पाच मिनिटांत ऐकू येते. ‘पर्वत’ला ‘पवित्र’ वाचणारे मूल अक्षरओळखीत कच्चे नसते; त्याने अंदाजाची सवय लावून घेतलेली असते, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर आलेला स्वाध्याय झटपट उरकताना ही सवय पक्की होण्याची शक्यता पुष्कळ.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द असे वाचनगतीचे लक्ष्य ठेवले आहे. हा आकडा माहीत असावा, पण घड्याळ लावून मुलांना पळवू नये. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे ‘झाडाखालच्या’ हाही एकच शब्द मोजला जातो. वाचलेले मुलाने आपल्या शब्दांत सांगणे हीच खरी खूण मानावी.

गणिताची तपासणी : उत्तरापेक्षा रीत पाहावी

गणितातही मुलाला समोर बसवूनच सोडवायला द्यावे आणि तोंडाने सांगत सांगत कर, असे म्हणावे. पहिली पायरी संख्यालेखनाची असते आणि मराठी माध्यमात ती कोणीही गृहीत धरू नये. आपल्याकडे एकवीसपासून पुढे एकक आधी आणि दशक नंतर बोलला जातो, त्यामुळे ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारे मूल पाचवीतही भेटते. आणि ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकू येतात म्हणून ४९ लिहिले जातात. ३९, ५३, ७२, ८९, ९६ एवढ्या पाच संख्या तोंडी सांगून लिहायला लावल्या की पुरे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ पासून ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची दुसरी पद्धत दिली गेली, तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. भाषेच्या अंगाने त्या टीकेत तथ्य असेलही, पण अडलेल्या मुलासाठी ही पद्धत पायरी म्हणून उपयोगी पडते : आधी ‘पन्नास तीन’ म्हणून ५३ लिहिणे, मग त्यालाच त्रेपन्न म्हणणे.

त्यानंतर तीन उदाहरणे द्यावीत. ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ आले तर मूल वरची संख्या कोणती हे न पाहता प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते आहे. ४०३ वजा १५८ याचे उत्तर ३५५ आले तरी तीच चूक आहे, आणि पहिले गणित बरोबर येऊन हे चुकले तर शून्यावरून दशक मोकळा कसा करायचा हे अडले आहे. ६१८ भागिले ६ याचे उत्तर १३ आले तर भागाकाराच्या पायऱ्या पाठ आहेत, पण सहाशेला सहाने भागल्यावर निदान शंभर यायला हवेत हा अंदाज नाही. तिन्ही मुलांना वर्गात ‘गणितात कच्चा’ असे एकच नाव मिळते. प्रत्यक्षात तिघांना तीन वेगळ्या गोष्टी शिकवायच्या आहेत.

गट इयत्तेवर नव्हे, पातळीवर

तपासणी झाली की मुलांचे तीन, फार तर चार गट पडतात. अक्षर-शब्दांवर अडलेली, परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी पण मजकुराचा अर्थ न लागणारी. गणिताचे गट वेगळे करावेत, कारण वाचनात मागे असलेले मूल हिशेबात मागे असतेच असे नाही. बाजाराच्या दिवशी आईबरोबर भाजी विकायला बसणाऱ्या मुलीचा तोंडी हिशेब पुष्कळदा वर्गातल्या पहिल्या मुलापेक्षा पक्का असतो, तिला तो कागदावर मांडता येत नाही एवढेच. दोन शिक्षकी शाळेत पाचवी ते सातवीची मुले एकत्र करून पातळीनुसार वाटून घेणे सोपे जाते. रोज एक तास, परिपाठानंतर लगेच आणि शक्यतो सगळ्या वर्गांचा एकाच वेळी, या कामासाठी राखून ठेवावा. सुट्टीनंतरच्या किंवा शाळा सुटल्यावरच्या जादा तासाला मुले दमलेली असतात आणि तो तास त्यांना शिक्षा वाटतो.

गटांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा हुशार-मंद अशी नावे देऊ नयेत, हे सांगायला नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गट हलता राहिला पाहिजे. दर पंधरा दिवसांनी मुलाला पुन्हा वाचायला लावावे आणि ते पुढे गेले असेल तर त्याच दिवशी वरच्या गटात बसवावे. सत्र संपेपर्यंत मुले त्याच गटात राहिली तर गट ही त्यांची जात होऊन बसते.

वाचन कसे सावरावे

अक्षर-शब्दांवर अडलेल्या मोठ्या मुलाला पुन्हा अ-आ-इ-ई ची तक्ती गिरवायला लावले तर ते लाजते आणि बंद पडते. त्याला चार-पाच अक्षरांचा एक संच द्यावा, त्यांतून जितके अर्थपूर्ण शब्द होतात तितके करून घ्यावेत, मग एक काना, एक वेलांटी वाढवावी. गोंधळ होणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. घ पक्का झाल्यावर आठवड्याने ध घ्यावा. बाराखडी तालावर म्हणता येणे आणि ‘कौ’ सुटा दाखवल्यावर वाचता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ती क्रमाने म्हणून घेण्याऐवजी अक्षरे उलटसुलट दाखवावीत.

या वयाच्या मुलांसाठी सर्वांत कामाला येणारा मजकूर त्यांनी स्वतः सांगितलेला असतो. मुलाने काल काय केले ते चार वाक्यांत सांगावे, शिक्षकाने ते त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहावे, आणि मुलाने ते वाचावे. ‘आम्ही बैल धुतले’ हे वाक्य सहावीच्या मुलाला बाळबोध वाटत नाही. घरी अहिराणी, पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हा मार्ग टाळताच येत नाही. त्या दोन वर्षांत या मुलांच्या कानावर शाळेची मराठीच फारशी पडली नाही. त्यांच्या अडचणीत वाचनाची तूट किती आणि भाषेच्या सरावाची किती हे वेगळे काढावे लागते. अशा मुलाची गोष्ट आधी त्याच्या बोलीत ऐकावी, मग ती सोप्या प्रमाण मराठीत लिहावी, आणि दोन्ही रूपे वहीत राहू द्यावीत.

जोडाक्षरांसाठी रोज एकाच प्रकाराचे आठ-दहा शब्द पुरतात : आज रफाराचे सर्प, सूर्य, पर्वत, दर्शन, उद्या चक्र, प्रकाश, ग्रह, परवा ट्रक, राष्ट्र, ड्रम. प्रत्येक शब्द आधी फोडून म्हणावा, मग जोडून, आणि शेवटी वाक्यात. अंदाजाने वाचणाऱ्या मुलासाठी शब्दावर कागदाची पट्टी ठेवून ती डावीकडून हळूहळू सरकवावी, म्हणजे डोळ्याला पुढचे अक्षर दिसेपर्यंत तोंडाला थांबावेच लागते. पंधरा दिवसांत फरक जाणवू लागतो.

परिच्छेद वाचू शकणाऱ्या गटाला गती हवी असते, आणि गती एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचून येते. शिक्षकाने एकदा चढउतारांसह वाचावे, मग जोडीने, मग एकट्याने, आणि दुसऱ्या दिवशी तोच उतारा दुसऱ्या वर्गातल्या लहान मुलांना वाचून दाखवायला पाठवावे. सहावीचे मूल पहिलीच्या वर्गात गोष्ट वाचून दाखवते तेव्हा दुसरीच्या पातळीचे पुस्तक हाती घेण्याचा संकोच उरत नाही. तिसऱ्या गटाला, म्हणजे वाचते पण समजत नाही अशा मुलांना, परिच्छेदागणिक थांबवून ‘यात काय सांगितले ते एका वाक्यात सांग’ एवढेच विचारत राहावे. स्वाध्यायाचे प्रश्न तूर्त बाजूला ठेवावेत, कारण त्यांची उत्तरे मुले मजकूर न समजताही शोधून काढतात.

लेखनाकडेही पाहावे. त्या काळात पुष्कळ मुलांचा पेन्सिलीशी संबंध सुटला होता, आणि आजही काहींचा हात अर्ध्या पानात दुखतो, त्यामुळे येत असलेले उत्तरही ती अर्धवट सोडतात. रोज पाच ओळींचे श्रुतलेखन आणि तीन ओळी मनाने लिहिणे यापेक्षा जास्त मागू नये.

गणित कसे सावरावे

हातच्याची वजाबाकी दुरुस्त करायला फळा पुरत नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या, किंवा खेळण्यातल्या शंभर, दहा आणि एक रुपयाच्या नोटा मुलाच्या हातात द्याव्यात. ५२ रुपयांतून २७ रुपये द्यायचे आहेत, सुटे दोनच आहेत, तर दहाची नोट मोडल्याशिवाय सात देता येत नाहीत, हे हाताने केल्यावर ‘शेजाऱ्याकडून उसना घेणे’ हे मंत्रासारखे म्हटले जाणारे वाक्य लागतच नाही. तेच ४०३ साठी करावे : दहाची नोट एकही नाही, म्हणून आधी शंभराची मोडायची. आठवडाभर नोटांनी, मग नोटांची चित्रे काढून, आणि शेवटी फक्त अंकांनी, असा क्रम ठेवावा. हाताने करण्याचा टप्पा मोठ्या मुलांसाठी गाळण्याचा मोह होतो. नेमका तोच त्यांचा राहून गेलेला आहे, कारण पडद्यावरून काड्या मोजता येत नव्हत्या.

पाढ्यांबाबत मतभेद आहेत. समजल्याशिवाय पाठांतर नको हे खरे असले तरी दहापर्यंतचे पाढे तोंडावर नसलेल्या मुलाला भागाकार आणि अपूर्णांक यांत दर पायरीला अडावे लागते, आणि त्यात त्याची सगळी शक्ती खर्च होते. म्हणून दोन, पाच आणि दहाचे पाढे आधी पक्के करावेत, त्यांच्या आधाराने तीन, चार, सहा बांधावेत, आणि सात-आठ-नऊला घाई करू नये. प्रत्येक उदाहरणाआधी उत्तर साधारण किती येईल हे तोंडी सांगायला लावावे. ६१८ भागिले ६ चे १३ हे उत्तर मग मुलालाच खटकते. अपूर्णांकांकडे भागाकार स्थिर झाल्यावरच वळावे.

चालू अभ्यासक्रमाचे काय

सगळे थांबवून मागेच शिकवत बसणे शक्य नाही आणि योग्यही नाही. विज्ञान, इतिहास, भूगोल हे विषय वाचनात मागे असलेल्या मुलालाही ऐकून, पाहून, करून समजतात, म्हणून त्या तासांना त्याला वर्गाबरोबरच ठेवावे आणि उत्तर तोंडी किंवा आकृतीतून घ्यावे. भाषेत आणि गणितात मात्र धाडसाने काट मारावी लागते. जे प्रकरण पुढच्या इयत्तेत पुन्हा येते ते थोडक्यात घेतले तर बिघडत नाही. स्थानिक किंमत, चार क्रिया, अपूर्णांक आणि सलग मजकुराचे वाचन यांना मात्र काट मारता येत नाही. घटक नियोजन वेळेत संपवण्याच्या दडपणाखाली हे उलटे होते, आणि वार्षिक तपासणीत ते सहसा विचारलेही जात नाही.

घरी काय करावे

पालकांनी शिक्षक होण्याची गरज नाही. रोज ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि कोणीतरी ऐकावे. ऐकणाऱ्या आजीला वाचता येत नसले तरी चालते, कारण गोष्ट समजली की नाही हे तिला बरोबर कळते. चुकीवर रागावू नये आणि शेजारच्या मुलाचे उदाहरण देऊ नये. किराण्याची यादी लिहिणे, सुटे पैसे मोजणे, दुधाचा महिन्याचा हिशेब, एसटीच्या वेळापत्रकातून दोन गाड्यांमधला अवधी काढणे हे सगळे सराव आहेत. खासगी शिकवणी लावताना एकच प्रश्न विचारावा : तिथे चालू इयत्तेचा गृहपाठ करून घेतात की मुलाची पायरी पाहून शिकवतात? गृहपाठ करून देणारी शिकवणी तूट आणखी झाकते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्यासाठी शाळा तुटणे २०२० मध्ये सुरू झाले नाही, आणि शाळा उघडल्यावर संपलेही नाही. अशा मुलाबरोबर त्याच्या पातळीची दोन पुस्तके आणि एका कागदावर ‘इथपर्यंत आले, यापुढे हे’ अशी नोंद द्यावी, म्हणजे फडाजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला शून्यापासून तपासावे लागत नाही.

सराव करूनही पुढे सरकत नसेल तर

दोन-अडीच महिने नियमित प्रयत्न झाल्यावरही मूल जिथल्या तिथे असेल तर कारण शाळा बंद असण्यात नसावे. आधी डोळे आणि कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा या मुलांची नावे आवर्जून पुढे करावीत. त्यातून काही निघाले नाही तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी साधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमण्याची, शक्यता तज्ज्ञांकडून पडताळून घ्यावी. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात ही तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय आहे, आणि त्या प्रमाणपत्रावर दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. मात्र हे पाऊल शेवटचे असावे. नीट शिकवले न गेलेल्या मुलावर अक्षमतेचा शिक्का बसणे आणि अक्षम मुलाला आळशी ठरवणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात.

नोंद ठेवण्यासाठी दोनशे पानी वहीत प्रत्येक मुलाला एक पान द्यावे. वर पहिल्या तपासणीची तारीख आणि मुलाने प्रत्यक्ष वाचलेला चुकीचा शब्द, केलेले चुकीचे गणित जसेच्या तसे. खाली दर पंधरवड्याची एक ओळ. चौथी, पाचवी किंवा सातवीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यात यातले काहीच नसते, आणि हायस्कूलचे शिक्षक पुन्हा पहिल्या घटक चाचणीपर्यंत अंधारात राहतात. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या पानाची प्रत काढून पालकांच्या हाती द्यावी आणि जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना ती दाखवायला सांगावे.